चुन्यावरचं पाणी

"पाणी हाय का वर?"

चुन्याच्या हौदाजवळून कुणीही जाऊ दे, वहिनी हेच विचारायची. वर म्हणजे चुन्यावर. विझवलेल्या चुन्यावर कायम वीतभर पाणी लागतं, नाहीतर तो वाळून वाया जातो. तुम्ही नुसतं हो म्हणालात तर तिला पटायचं नाही. स्वतः उठायची, गोणपाट बाजूला करायची, बोट बुडवून बघायची.

ती आमच्या थोरल्या मिस्तरींची बायको. त्यांच्याच हाताखाली मी गवंडीकाम शिकलो. शाळेत दोन वर्षं गेलो तेवढंच, पण थापी धरल्यापासून माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगायला जड आहे.

आमच्या गावचं स्टेशन इंग्रजांच्या वेळचं, काळ्या दगडाचं. गाड्या थांबायच्या बंद झाल्या आणि आत बकऱ्या बसायला लागल्या. मग गावानं ठरवलं, ही आपली जुनी ठेव आहे, जशी होती तशी उभी करायची. रेल्वेची परवानगी आली. नाशिकच्या गंगापूर रोडचे एक इंजिनिअर यायचे. ते म्हणाले, सिमेंट अजिबात नको, दगडांच्या फटी चुन्यानंच भरा. थोरले मिस्तरी गेल्यावर चुना जाणणारं माणूस आता एकच उरलं होतं, वहिनी.

वहिनीनं स्टेशनामागं हौद खणून घेतला. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विझवताना वाफेनं तिचं तोंड लालबुंद झालं.

"भाऊजी, आता तीन महिने हात लावायचा नाय."

"वहिनी, चुना हाय का लोणचं?"

"लोणचं कच्चं खाल्लं तर तुमचं पोट दुखंल. हा कच्चा वापरला तर भिंत फुटंल."

दीड महिना झाला नाही तोच उद्घाटनाची तारीख ठरली. सरपंचांनी चारचौघांत विचारलं, "मिस्तरी, होईल ना?" चारचौघांत नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. वहिनी लेकीकडे सिन्नरला गेलेली. तेवढ्यात मी हौद उघडला आणि दर्शनी भिंत भरून काढली.

वहिनी परत आली, भिंतीवर तळवा ठेवला. "कच्चा हाय."

"मला शिकवू नका," मी म्हणालो. ज्या घरानं मला थापी धरायला शिकवली, त्या घरच्या बाईला.

उद्घाटनाला मला शाल मिळाली. ती मागं हौदापाशी बसून होती. पंधरा दिवसांत फटीतले न विझलेले खडे फुगले, टवके उडायला लागले. लोक म्हणाले, म्हातारीचा चुनाच खोटा. मी गप्प राहिलो. तिनं ते ऐकलं, माझं गप्प राहणंही बघितलं, आणि माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेलो होतो. तिनं एकटीनं छिन्नी घेऊन भिंत खरवडायला घेतली. खडा उडाला तो डोळ्यात. माझ्या मुलानं अंबडच्या कारखान्यातून आणलेला डोळ्यांत खडा जाऊ नये म्हणून घालायचा जाड काचांचा चष्मा माझ्या घरी खुंटीला टांगलेला होता.

नाशिकला नेलं, पण डोळा गेला. त्यानंतर तिनं अंथरूण धरलं. मी उशाशी बसून म्हणालो, "वहिनी, गावाला खरं काय ते सांगतो."

"ते ऱ्हाऊ द्या. पाणी हाय का वर?"

"हाय."

"बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं.

दिवाळीनंतर ती गेली. तेराव्याला पंगत बसली तेव्हा मी उभा राहून सांगितलं, चुना खरा होता, घाई माझी होती. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या मिस्तरी, बसा, भात घ्या." मला शिव्या चालल्या असत्या.

आता ती भिंत मी पुन्हा करतोय. तिच्या छिन्नीच्या खुणा तिचा हात पोचला तिथपर्यंतच आहेत. त्याच्या वरचं मी खरवडतो. हौदातला चुना आता लोण्यासारखा झालाय.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी गोणपाट बाजूला करतो, बोट बुडवतो. पाणी आहे वर, वहिनी. बघितलंय.