भूल मला, निर्णय त्यांचा

डॉक्टरने पेनच्या टोकाने माझी छाती उचलली. सोडली. परत उचलली. मी टेबलावर उघडा बसलेलो. मला न विचारता त्याने दार उघडलं आणि दोन शिकाऊ डॉक्टरांना आत घेतलं. एकीने मान फिरवली. दुसरा हसला.

"एवढं चांगलं आहे," डॉक्टर त्यांना म्हणाला, "आणि हिला नकोय."

हिला. मी शर्ट शोधत राहिलो.

अंधेरीचं हे क्लिनिक माझ्या मोठ्या भावाने शोधलेलं. तिथेच मला संशय यायला हवा होता. आला पण होता. मी केस कापले तेव्हा हाच दादा माझ्यासोबत जेवायला बसायचा नाही. सगळ्या चाळीत मला 'बाय' म्हणून हाका मारायचा, मुद्दाम, मोठ्याने. आणि आता अचानक, "भावा, तुझं छातीचं ऑपरेशन करून टाकू. डॉक्टर ओळखीचा आहे." एवढा गोड का?

पण मी थकलो होतो. मी घाटकोपरला लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. छाती सपाट दिसावी म्हणून आत घट्ट बाइंडर. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की बरगड्या ठणकायच्या, श्वास अर्धाच आत जायचा. मदतीचा हात कुणाचा, हे तेव्हा बघितलं जात नाही. धरला.

शर्ट घालून बाहेर आलो तर डॉक्टर दादाशी बोलत होता. माझ्याशी नाही.

"निप्पलच्या कडेला लहानसा छेद. डाग दिसणार पण नाही."

"सगळं निघेल?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुमच्या भावाशी फोनवर बोलणं झालंय," डॉक्टर म्हणाला. "थोडं ठेवू. उद्या मन बदललं, लग्न ठरलं, तर?"

दादा खाली बघत म्हणाला, "बाय, तुझ्या भल्यासाठीच ना."

म्हणजे मला भूल देणार. मी शुद्धीवर येणार, पट्ट्या सुटणार, आणि ते तिथेच असणार. मी विचारलं नसतं तर मला न सांगताच.

"अंग माझं," मी म्हणालो. "भूल मला. आणि ठरवणार हा?" बाहेरचे पेशंट ऐकत होते. ऐकू देत. दादाला म्हटलं, "परत बाय म्हणालास तर ओ देणार नाही." फाइल उचलली आणि निघालो. तो मागून आला नाही.

मग मुलुंडची सर्जन. एकटाच गेलो. तिने हात लावायच्या आधी विचारलं. तेवढ्याने मी भुललो नाही. ती म्हणाली, "तुमची छाती मोठी आहे. लहान छेदाने कातडी लोंबेल. खाली दोन लांब छेद घ्यावे लागतील. निप्पल काढून, लहान करून परत लावायचे. व्रण कायमचे राहतील. संवेदना जाऊ शकते."

"थोडं ठेवणार का?"

"पुरुषी आकार यायला लागेल तेवढंच. ते कुठे, हे आधी आरशासमोर खुणा करून दाखवीन."

तोच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारला. ती वैतागली. उत्तर बदललं नाही. तेव्हा होकार दिला.

आता आई म्हणते, "दादाक हॉस्पिटलात येवक दी. रडता तो."

येऊ दे. बाहेर बाकावर बसेल. डॉक्टरच्या खोलीत पाय ठेवणार नाही, हे मी तिथे सांगून ठेवलंय. माझ्या अंगाबद्दल कुणाला काय बोलायचं ते मी जागा असताना बोला. माझ्या तोंडावर.