कटरची जीभ

मावशीला चष्मा होता, पण तो डबीत होता. डबी कप्प्यात, कप्प्याला कुलूप, आणि किल्लीबद्दल विचारायची कोणाची छाती नव्हती. भाच्याच्या वर्कशॉपमधलं, फिरत्या कटरने धातू तासणारं मिलिंग मशीन ती चालवायची. मिलिंगवालीला दिसत नाही अशी बोंब झाली की संपलंच, हे ती जाणून होती.

घोडं अडलं ते दिव्याच्या झाकणावर. ॲल्युमिनियमचं झाकण, वरून आरशासारखं हवं. पण कापताना मशीन किरकिरायचं आणि धातूवर बारीक लाटा उमटायच्या. पहिलं झाकण मावशीने पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेली. वर चकचकीत रंग चढल्यावर त्याच लाटा उठून दिसल्या. गिऱ्हाइकाने झाकण परत केलं.

"आणखी एक परत आलं तर तू पॅकिंगला," भाचा म्हणाला. "खुर्ची आणून ठेवलीय."

"गादीही आण. तुलाच बसायचंय."

तिने कटरवर रॉकेल सोडलं. झाकण चकाकलं, लाटांसकट. स्पीड कमी केला. किरकिर खर्जात गेली, लाटा रुंद झाल्या.

"मावशी, कटरची जीभ केवढी बाहेर काढलीस!"

कटर होल्डरमधून चार बोटं लोंबत होता. एवढी लांब जीभ थरथरणारच, हे भाच्याला तिनेच शिकवलं होतं.

"आत घेतली तर टोक दिसत नाही," ती बोलून गेली.

"काय दिसत नाही?"

"तुझी अक्कल."

पण तीर सुटला होता. मावशी क्षणभर खुर्चीकडे बघत राहिली. मग कमरेची किल्ली काढून तिने कप्पा उघडला.

"आई म्हणतच होती, मावशीला—"

"तुझ्या आईला म्हणावं, आधी कानाचं यंत्र लाव."

चष्मा नाकावर चढवून तिने जीभ निम्मी आत घेतली, पान्याने आवळली. शेवटचा कट कागदाएवढा पातळ ठेवला आणि हँडल मध्ये कुठेही न थांबवता एका लयीत फिरवलं. मशीन घुमलं, किरकिरलं नाही. पॉलिश पेपरला तिने हात लावला नाही.

रंग चढून झाकण आलं. गिऱ्हाईक ते उजेडात तिरकं धरून लाटा शोधत होतं. त्याला स्वतःच्या मिशा सापडल्या, केसन् केस सरळ. झाकण त्याने पिशवीत टाकलं.

चष्मा परत कप्प्यात गेला नाही. खुर्चीवर मावशीने कटरची पेटी ठेवली होती.