नामदेवदादांची ड्युटी

इथले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी… माझं पोट लॉजिकवर चालतं, असल्या गोष्टींना माझ्याकडे थारा नाही. तरी लिहितेय, कारण दुसरीकडे सांगितलं तर वेड्यात काढतील.

२०१४च्या सुमारास मी नवीन पनवेलला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. उरणकडच्या एका कंटेनर यार्डातल्या ट्रेलर ड्रायव्हरांच्या ड्युट्या आम्ही आन्सर सेट प्रोग्रॅमिंगने लावायचो. म्हणजे आपण फक्त नियम लिहायचे – सलग दोन पाळ्या नकोत, प्रत्येकाला आठवड्यात निदान एक ड्युटी, वगैरे. ते सगळे पाळणारं उत्तर सॉल्व्हर नावाचा प्रोग्रॅम शोधतो. नसेलच तर सरळ ‘उत्तर नाही’ म्हणतो. आलेलं उत्तर मराठीत, रंगीत तक्त्यात दाखवणारं टूल मी स्वतः लिहिलं होतं, ड्रायव्हरांना वाचता यावं म्हणून.

ड्रायव्हरांच्या वतीने तो तक्ता तपासायला उरणजवळच्या करंजाचे नामदेवदादा यायचे. कोळी माणूस, पण भाऊ समुद्रात बुडून गेल्यावर बायकोने शपथ घालून बोटीवरून उतरवलेला, तेव्हापासून तेही ट्रेलरवर. आधीचा सुपरवायझर आपल्या माणसांनाच चांगल्या ड्युट्या द्यायचा, म्हणून दादांनी भांडून अट घालून घेतली होती, की तक्त्याला माणसाचा हात लागता कामा नये. “मशीन कुनाचा नातेवाईक नाय,” असं म्हणायचे.

एका आठवड्याला सॉल्व्हर म्हणाला, उत्तर नाही. अशा वेळी डीबगर लावतात, कुठल्या नियमापाशी गाडं अडलंय ते तो सांगतो. त्याने एकाच ओळीवर बोट ठेवलं – नामदेवला निदान एक ड्युटी. त्या ओळीआधी टक्क्याचं चिन्ह टाकून ती बंद केली, तर उत्तरंच उत्तरं… आणि दादा एकातही नाहीत. ज्याची भरलेली माहिती हुबेहूब त्यांच्यासारखीच होती, त्या दुसऱ्या ड्रायव्हरला मात्र ड्युटी होती. सगळ्या टेस्ट पुन्हा चालवल्या, काही सापडेना.

मी सरांना म्हटलं, दादांना हाताने घालू या. सर हसले. “हात लावायचा नाही ही त्यांचीच अट ना? मग भोगा म्हणावं.” मला त्या हसण्याचा इतका संताप आला, की अजून आठवलं तरी येतो.

दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, “घरी बसलो तं मेव्हना बोटीवर बोलावल, मॅडम. त्याला मानूस कमी हाय.”

मी म्हटलं, या वेळेपुरती अट सोडा ना. त्यांनी मान हलवली. “माज्यासाठी मोडली, तं उद्या सगल्यांसाठी मोडल.”

तक्ता त्यांच्याशिवायच लागला. शुक्रवारी सकाळी ते मेव्हण्याच्या बोटीवर गेले. जाळं टाकताना दोरात पाय अडकला आणि जाळ्याबरोबर तेही खाली गेले.

पुढे काही दिवसांनी त्यांची बायको, सुमनवहिनी, ऑफिसात आल्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं. “मना सांगून गेला, या हप्त्याला ड्युटी नाय. खरा काय ते?”

खरंच नव्हती वहिनी, दाखवते, असं म्हणून मी तो आठवडा उघडला. टक्क्याचं चिन्ह काढलं आणि ‘उत्तर नाही’ हे त्यांच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

तक्ता आला. हिरव्या चौकटीत नामदेव, शुक्रवार, दिवसपाळी.

वहिनींनी सावकाश वाचलं. “म्हंजे ड्युटी व्हती. शपत मोडायची व्हती, म्हनून खोटा बोलला.” आणि उठल्या. मी जिन्यापर्यंत मागे धावले, पण सांगणार काय होते… टक्क्याचं चिन्ह?

फायलीत कोणी काय बदललं याची नोंद आमच्याकडे आपोआप राहते. माझ्या त्या टक्क्याच्या चिन्हाखेरीज एक अक्षर बदललेलं नव्हतं. तेच मशीन, तोच सॉल्व्हर. कितीदा चालवलं, दादा ड्युटीवरच. सर म्हणाले, “बघ, सॉफ्टवेअरमध्ये काही दोष नव्हताच.” माझीच चूक सापडली असती तर बरं झालं असतं, पण ती मला आजतागायत सापडलेली नाही आणि दुसरं कुठलं स्पष्टीकरणही माझ्याकडे नाही.

त्यानंतर एकदा करंजाला गेले होते. वहिनी सुकट वाळत घालत होत्या. दादा खोटं बोलले नव्हते, मशीनच चुकलं, असं मी हात जोडून सांगितलं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

“मशीन कुनाचा नातेवाईक नाय, मॅडम,” त्या म्हणाल्या. “त्योच सांगायचा.”