कूलरमधली पाणदिवड

मागच्या मे महिन्यात मी पाहुण्यांसमोर मेलो. (तासाभराने चहा प्यालो, ते वेगळं.)

माझ्या धाकट्या बहिणीला, सुनीताला, पाहायला पुसदहून मंडळी आली होती. घाटंजीच्या उन्हाळ्यात पाहुण्याला पाण्याआधी कूलरची हवा द्यावी लागते. आमचा कूलर खिडकीबाहेर, आणि मागे नाला. टाकीत बेडूक राहायला आलेत, ती धुऊन घे, असं सुनीता आठवडाभर माझ्या मागे लागली होती. राहू दे, मच्छर खातात, असं मी म्हणत होतो. बेडकांच्या मागोमाग त्यांना खाणारं कोणी येईल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पोहे आले आणि कूलर गरम हवा फेकू लागला! मुलाचे वडील घाम पुसत घड्याळाकडे बघू लागले. सोयरीक हातची जाते की काय, या धास्तीने मी बाहेर धावलो, कूलर बंद केला, टाकीत हात घातला आणि पंपाचा पाइप जोरात ओढला.

पाइप मला चावला!

माझी किंकाळी ऐकून पाहुणे पोह्यांच्या प्लेटांसकट अंगणात आले. माझ्या मनगटाला पिवळसर, काळ्या ठिपक्यांचा साप गुंडाळलेला, आणि बोटातून रक्त. मी तिथेच आडवा झालो आणि मुलाच्या वडिलांचा हात धरला.

"काकाजी, मी तं चाललो. जाता जाता एकच मागतो. आमच्या पोरीले हो म्हना."

मरणाऱ्याला नाही कोण म्हणणार? त्यांनी रडत रडत शब्द दिला.

तेवढ्यात सुनीता आली. चहाचा ट्रे तिने ओट्यावर ठेवला, साप मानेमागे धरला आणि माझ्या हातावरून सोडवला.

"उठ दादा. पानदिवड हाय थे. इख नसते तिले."

शब्द तर देऊन झाला होता! काकाजी माझ्याकडे असे बघत होते, की खरंच मेलो असतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"अन् माह्यं काय?" सुनीता म्हणाली. "मले कोनी इचारलंच नाही."

तिने दिवड बादलीत टाकली आणि मुलाला झाकण धरायला सांगितलं. तो पांढराफटक पडला होता, पण झाकण घट्ट धरून तिच्याबरोबर नाल्यावर गेला. सापाला पाण्यात सोडायला त्यांना बराच वेळ लागला. दोघं हसत परत आले, तोवर मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन (तिथेही ओरडून) चहाला बसलो होतो.

लग्न झालं. कूलरला मात्र आता घरचे मला हात लावू देत नाहीत. मी पुन्हा मरायला लागलो तर काय मागून बसेन, याचा त्यांना भरवसा नाही.