सदतिसावी

सहावीच्या मुलांना मूळ अवयव शिकवताना माझं डोकं हमखास तापतं. डोंबिवलीतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये मी गणिताचे क्लास घेते. एक्क्याण्णव दिला की पोरं दोनाने बघतात, तिनाने बघतात, पाचाने बघतात आणि पेन खाली ठेवतात. "टीचर, प्राइम आहे. भाग जात नाही." सातापर्यंत जायचा कंटाळा. तेरा साते एक्क्याण्णव घोकून घेतलेलं असतं, तरी ऐन वेळी कुणाला आठवत नाही. पण 'भाग जात नाही' ऐकून मी चिडते त्याचं खरं कारण क्लासात नाही, आमच्या गच्चीवर आहे.

पाडव्याच्या स्वागतयात्रेत आमच्या सोसायटीच्या बायकांचं लेझीम पथक असतं. ते बसवतात बी विंगमधल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई. सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. सहा-सहाच्या रांगा, एकही जागा रिकामी नको आणि एकही जण सुटी नको, हा त्यांचा हट्ट. आम्ही छत्तीस होतो. सहा सक छत्तीस. बाई खूश होत्या.

मग तळमजल्यावर जवळच्या दिवा गावाहून एक कुटुंब भाड्याने राहायला आलं. त्या घरातली चाळिशीची गृहिणी जिन्यात भेटली की थांबायची. "दिव्याला संध्याकाळ पाणी भरण्यातच जायची हो ताई. मला पण घ्या ना पथकात." मी तिला गच्चीवर तालमीला घेऊन गेले. ठेका चुकायची, सगळ्या उजवीकडे वळल्या की ही डावीकडे, पण एकही दिवस आली नाही असं झालं नाही. सगळ्यांसारखी जांभळी नऊवारी शिवूनही घेतली. ती नेसून तिला एकदा रस्त्यावर खेळायचं होतं, बस.

बाईंना मात्र सदतीस हा आकडा खुपायला लागला.

"अगं, तू गणिताची ना? सदतीसच्या सारख्या रांगा कर बघू."

"होणार नाहीत, बाई. मूळ संख्या आहे ती. एकाने नाहीतर सदतीसनेच भाग जातो. म्हणजे एकामागे एक सदतीस जणी, नाहीतर सगळ्यांची मिळून एकच आडवी रांग."

"झालं तर मग. गणितच सांगतंय, एक कमी करा."

माझा संताप झाला. गणित असलं काहीही सांगत नव्हतं. सदतीसचे सारखे भाग पडत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. कुणाला काढा हे बाई ठरवत होत्या आणि नाव माझ्या विषयाचं घेत होत्या. मी म्हटलं, मी बाहेर राहते. तर मी पहिल्या रांगेत, माझ्याकडे बघून मागच्या वळतात. म्हटलं, तिला पुढे झेंडा घेऊन चालू द्या. झेंडा सेक्रेटरींच्या मिसेसचा ठरलेला. मग शेवटची रांग सातची करू या? त्यावर बाईंनी असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरले होते.

मग मी चाळीसचं मनावर घेतलं. चाळीसचे मूळ अवयव दोन, दोन, दोन आणि पाच, म्हणजे पाच-पाचच्या आठ रांगा सुखाने होतात. फक्त तीन बायका हव्या होत्या. दोन्ही विंग पालथ्या घातल्या. एकीचे गुडघे, एकीच्या मुलीची परीक्षा, एकीकडे पाडव्याला जेवायला पाहुणे. 'पुढच्या वर्षी नक्की' ऐकून ऐकून मला दारावरची बेल वाजवायचाही वीट आला.

संध्याकाळी गच्चीवर गेले तर तिची लेझीम पेटीत परत ठेवलेली. जा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिने फक्त आमचं बोलणं ऐकलं होतं.

"माझ्यामुळे सगळ्यांचं कशाला बिघडवायचं, ताई? मी व्हिडिओ काढते."

मी बाईंशी पुन्हा भांडले. काडीचाही उपयोग झाला नाही.

पाडव्याला सकाळी चौकात जमलो तर एक जण कमी. आदल्या दिवशी पाय मुरगळला म्हणून ती घरीच राहिली होती. पस्तीस. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "पाच-पाचच्या सात रांगा. चला, पटापट." इतके दिवस सहाखेरीज काही न चालणाऱ्या बाईंना पाच लगेच चालले.

ती रस्त्याच्या कडेला मोबाइल धरून उभी होती. अंगावर तीच जांभळी नऊवारी. मी रांग सोडून तिच्याकडे गेले आणि माझी लेझीम तिच्यापुढे धरली.

"चला. टेम्पोत अजून आहेत, मी दुसरी घेते. तुम्ही आलात की पुन्हा छत्तीस."

तिने हात पुढे केला नाही. रागावलेलीही दिसत नव्हती.

"आणि ती पायाला पट्टी बांधून आली तर, ताई? मग परत मीच निघायचं ना?"

मागे बाईंची शिट्टी वाजली आणि मी जाऊन माझ्या जागेवर उभी राहिले.

तिने काढलेला व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिला, बाईंनी तर लाइकच्या अंगठ्यांची माळच लावली. त्यात आमच्या रांगा अगदी सरळ दिसतात.