पावट्याचे तीन दाणे

आधीच सांगते, मी भुताखेतांवर हसणारी बाई. ताम्हिणी घाटातल्या हडळीचे फॉरवर्ड आले की ग्रुप म्यूट करते. बारा वर्षं जावा प्रोग्रामिंगमध्ये काढलीत... जे लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, नाही ते घडलंच नाही, असा माझा खाक्या! तरीही हे लिहितेय.

हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळून मी पौडजवळच्या एका गावात खोली घेतली, तिथूनच काम करते. घरमालकीण यमुनाकाकी. शाळेची पायरी चढलेली नाही, पण भल्याभल्यांना गप्प करेल.

आमच्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर मुळशीतल्या गावांचे कॉल रुग्णवाहिकांपर्यंत पोचवतं. गेल्या हिवाळ्यात ते रोज दुपारी गोठायला लागलं. आणि आम्ही काय करायचो? रीस्टार्ट! पाच मिनिटांत सगळं सुरळीत, आणि बिघाडाचा पुरावाही साफ. मग एका सोमवारी घाटाकडच्या एका अडलेल्या बाईचा कॉल असाच अडकला. जीपमध्ये घालून तिला पौडला आणावं लागलं. वाचली बिचारी, पण माझ्या घशाखाली घास उतरेना.

तेव्हा सर आठवले. माझे पहिले टीम लीड, आदल्याच वर्षी हार्ट अटॅकने गेले. काय माणूस होता! अख्खं ऑफिस रीस्टार्टसाठी ओरडत असताना हे शांतपणे तीन थ्रेड डंप घ्यायचे, दहा-दहा सेकंदांनी. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आतले कामकरी, आणि डंप म्हणजे त्या क्षणी कोण कुठे अडलाय याची यादी. तिन्ही याद्या कागदावर छापून शेजारी शेजारी मांडायचे. "रांगेकडे बघू नका," म्हणायचे, "रांग कुणामुळे लागली ते बघा."

मंगळवारी मी तेच केलं. पौडच्या स्टँडजवळ प्रिंट काढल्या आणि तीन गठ्ठे ओसरीवर मांडून बसले. शेकडो थ्रेड, सगळे ताटकळलेले. दोन तासांत डोकं भणभणलं. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला, म्हणून रेंजसाठी गच्चीवर गेले.

पंधरा मिनिटांनी खाली आले तर तिन्ही गठ्ठे मधेच उघडलेले... आणि प्रत्येक पानावर पावट्याचा एकेक दाणा. काकी बाजूला शेंगा सोलत होत्या.

"काकी, हे काय?"

"तुमचं सर आलं व्हतं न्हवं? त्यांनी बोट लावलं, मी दाना ठेवला. वाऱ्यानं पान उलटू नी म्हनून."

"कोण सर?"

"आता मला काय ठावं! गळ्यात दोरीला चष्मा, अन् भर दुपारी स्वेटर. च्या घ्या म्हनलं, तर नको म्हनलं."

एसीचा त्रास म्हणून बारा महिने स्वेटर घालणारा माणूस मी एकच पाहिलाय. काकींजवळ मी त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

तिन्ही दाण्यांखाली एकच थ्रेड होता. एसएमएसच्या सर्व्हरकडून उत्तर येईल म्हणून बसलेला, तोही सगळ्यांच्या वाटेतलं कुलूप हातात धरून. बाकी सगळे त्याच्यामागे खोळंबलेले. किती वेळ थांबायचं, ती मर्यादाच घातलेली नव्हती. आणि तो कोड होता माझा! मर्यादा घातली. गुरुवारी दुपारी घाटाकडून आलेला कॉल काही सेकंदांत ड्रायव्हरकडे गेला. मी ओसरीवर बसून ढसाढसा रडले.

संध्याकाळी कंपनीला मेल लिहीत होते. "जुन्या कोडमधली त्रुटी सापडली," असं गुळमुळीत काहीतरी. सहज काकींना विचारलं, सर अजून काही म्हणाले का?

"म्हनलं की. पोरगी लई गुनाची हाय. चूक तिचीच निघंल, पर ती लपवायची न्हाई."

सहा वर्षं सरांच्या हाताखाली काम केलं, तोंडावर शाबासकी एकदाही मिळाली नव्हती. मी मेल पुसला आणि नव्याने लिहिला — चूक माझी आहे.

हे कसं घडलं, ते मला आजही सांगता येत नाही.