दोघांत मिळून एक कॉर्ड

शर्टाच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं फक्त कॉलर शिवत होती, म्हणून तिथे सगळ्या तिला कॉलरताईच म्हणत. बाही, काज, बटण यांच्याशी तिचा काही संबंध नव्हता. तिचा नवरा बँडमध्ये गिटार वाजवायचा, कधी हॉटेलात, कधी एखाद्या समारंभात. ती घरी यायची तेव्हा हा भांग पाडून निघालेला असायचा. सुट्टीच्या दिवशी त्याने कधी घरात गिटार काढलीच, तर तीच म्हणायची, "अहो, दिवसभर मशीनची घरघर ऐकून कान किटलेत. ठेवा ना ते." तो हसून ठेवून द्यायचा.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, उजवा हात शाबूत राहिला. पण तारा दाबायचा हात मांडीवर लाकडासारखा पडून राहू लागला. बँडमधली माणसं आधी दोन-चारदा येऊन गेली, मग फिरकेनाशी झाली. तो दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसायचा. जेवलात का विचारलं तर हो, दुखतंय का विचारलं तर नाही.

एका रविवारी पलंगाखालचा केर काढताना गिटारची पेटी तिच्या हाताला लागली. "काढ बाहेर," तो म्हणाला. तिने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने उजव्या हाताने मोकळ्या तारा छेडल्या. त्यातून ना सूर निघाला ना गाणं. भांड्याला भांडं लागावं तसा नुसता आवाज. त्याचा चेहरा बघवेना, म्हणून ती बोलून गेली, "मी दाबते. कुठे दाबायचं तेवढं सांगा."

अर्ध्या तोंडाने का होईना, तो हसला. "तुला? तुला सुरातलं ओ की ठो कळत नाही."

"कॉलर तरी कुठे आईच्या पोटातून शिकून आले होते?"

त्या दिवसापासून कामावरून आली की हातपाय धुऊन ती त्याच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसायची. गिटार त्याच्या मांडीवर, दांडा तिच्या हातात. दाबणार ती, छेडणार तो. एकदम वाजणाऱ्या सुरांच्या मेळाला तो कॉर्ड म्हणायचा. त्यातला ई मेजर त्याने निवडला. "यात सगळ्या सहा तारा वाजतात. कुठली टाळायची भानगड नाही," म्हणाला.

मधलं बोट आणि अनामिका लवकर बसली. घोळ होता तर्जनीचा. पूर्वी एकदा ऑर्डरच्या घाईत मशीनची सुई तिच्या डाव्या तर्जनीतून आरपार गेली होती. नख पुन्हा आलं, पण टोक बधिरच राहिलं. तार बोटाखाली आली की नाही, तिला कळतच नसे. जोर कमी पडला की तार बद्द वाजायची. बोट घसरून सुटलं की सगळा आवाजच उदास व्हायचा.

"हा मायनर झाला," तो सांगायचा.

"एवढ्याशा बोटाने एवढा फरक?"

"तारा सहा असल्या तरी सूर तीनच गं. सा, ग आणि प. तेच खालीवर पुन्हा येतात. सा आणि प जागचे हलत नाहीत. मधला ग पूर्ण चढला तर मेजर. एक घर खाली राहिला, तर मायनर. तुझं पहिलं बोट म्हणजे तो ग."

ती बोटाकडे बघत म्हणाली, "म्हणजे बकरम."

"काय?"

"कॉलरला वर कापड, खाली कापड. दोन्ही दिसतात. आत बकरमची कडक पट्टी असते, ती कोणाला दिसत नाही. पण ती नसली की कॉलर मान टाकते."

तो खोकला येईपर्यंत हसला. "जन्मभर वाजवलं, पण असं कोणी सांगितलं नाही!"

बोट कुठे टेकतंय ते ती डोळ्यांनी बघून शिकली. एका संध्याकाळी त्याने तारा छेडल्या आणि सहाच्या सहा स्वच्छ वाजल्या. खोली भरून गेली. "सोडू नकोस," तो म्हणाला आणि पुन्हा छेडलं, पुन्हा, मग ठेक्यात. बोटांना रग लागली तरी तिने सोडलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं असं एखादं काम मिळून पहिल्यांदाच करत होती.

"आता दुसरा कॉर्ड, ए मेजर," तो म्हणाला.

तिने बोटं उचलली, जागा शोधली, एकेक टेकवलं. तोवर ठेका मरून गेला. पुन्हा केलं, तरी तेच. महिनाभर रोज तेच झालं. शेवटी त्याने हात तारांवर आडवा ठेवला.

"गाणं म्हणजे बदलणं. एकाच कॉर्डवर बसून गाणं होत नाही. तू तिथं पोचेपर्यंत मी नसेन."

"अभद्र बोलू नका."

"तू नीटच करतेयस गं. उशीर झालाय, एवढंच."

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा झटका आला. या वेळी वाचा गेली आणि उजवा हातही.

नणंद भावाला बघायला आली तेव्हा तिची नजर गिटारवर गेली. "वहिनी, तुला येतं म्हणे. वाजव ना, त्याला बरं वाटेल."

तिने गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली. ई मेजर दाबला तिनेच, छेडलाही तिनेच. एकही तार चुकली नाही. त्याचे डोळे भरले.

"बघ, किती आनंद झाला त्याला!" नणंद म्हणाली.

त्याने सगळी ताकद लावून मान भिंतीकडे वळवली. नणंदेला वाटलं, तो दमला. तिला मात्र कळलं. मान वळवणं एवढंच त्याच्या हातात उरलं होतं, आणि त्याने ते नको म्हणण्यासाठी वापरलं होतं.

तिने तळव्याने तारा दाबून आवाज बंद केला.

"वन्सं, जरा हात लावता का?" ती म्हणाली. "यांची कूस बदलायची वेळ झालीय."